बचावपटूची पंचवीस वर्षे

हिंजवडी, वाकड आणि बालेवाडी या पट्ट्यात कृत्रिम हिरवळीची छोटी मैदाने जागोजाग झाली आहेत. ती तासाच्या भाड्याने मिळतात. संगणक कंपन्यांतील तरुण दिवसाचे काम आटोपून रात्री दिव्यांच्या उजेडात तेथे फुटबॉल खेळतात. त्यांच्या सदऱ्यांवर युरोपातील नामवंत खेळाडूंची नावे असतात आणि ती बहुधा गोल करणाऱ्यांची असतात; बचाव करणाऱ्याचे नाव पाठीवर मिरवण्याची हौस फारशी कोणास नसते. असे असले तरी ज्या एका फुटबॉलपटूच्या कारकीर्दीचा विचार या परिसराने आवर्जून करावा, तो बचावपटूच आहे. इटलीचा पाओलो माल्दिनी ए. सी. मिलान या एकाच क्लबकडून सलग पंचवीस हंगाम खेळला आणि त्यांतील अखेरचे बारा हंगाम त्याने संघाचे नेतृत्व केले. जेथे नोकरी, घर आणि मैदान ही तिन्ही मुदतीच्या कराराने घेतली जातात, तेथे ही पंचवीस वर्षांची सेवा एखाद्या दंतकथेसारखी वाटावी, यात नवल नाही. परंतु ती कशी घडली आणि आपल्याकडे तसे का घडत नाही, हा प्रश्न क्रीडारसिकांइतकाच अर्थशास्त्राच्याही विचाराचा आहे.

माल्दिनीचा जन्म २६ जून १९६८ रोजी मिलान शहरात झाला. त्याचे वडील चेझारे माल्दिनी हे याच क्लबचे बचावपटू आणि कर्णधार होते. त्यांच्या नेतृत्वाखाली मिलानने १९६३ मध्ये लंडनच्या वेंब्ली मैदानावर युरोपियन कप प्रथमच जिंकला. मुलगा लहानपणीच क्लबच्या कुमार संघांत दाखल झाला आणि २० जानेवारी १९८५ रोजी, सोळा वर्षांचा असताना, उदिनेसे संघाविरुद्ध राखीव खेळाडू म्हणून प्रथम मैदानात उतरला. अखेरचा सामना तो ३१ मे २००९ रोजी फ्लॉरेन्स येथे खेळला, तेव्हा त्याचे एक्केचाळिसावे वर्ष संपत आले होते. या काळात तो मिलानकडून ९०२ अधिकृत सामने खेळला. त्यांपैकी ६४७ इटलीच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेतील होते. देशाचे विजेतेपद सात वेळा आणि युरोपचे विजेतेपद पाच वेळा मिळवणाऱ्या संघांत तो होता. वडिलांनी उंचावलेला युरोपियन करंडक चाळीस वर्षांनी, २००३ मध्ये, मँचेस्टर येथे कर्णधार म्हणून त्यानेही उंचावला.

केवळ यशाची यादी म्हणून मात्र ही कारकीर्द वाचता येत नाही. इटलीकडून तो १२६ सामने खेळला आणि त्यांतील ७४ सामन्यांत कर्णधार होता. तरीही राष्ट्रीय संघाबरोबर त्याला एकही मोठे विजेतेपद लाभले नाही. १९९० मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत, १९९४ मध्ये अंतिम सामन्यात आणि १९९८ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत इटली पेनल्टींवर हरली. २००० मध्ये युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना फ्रान्सने जादा वेळेत हिरावून घेतला. २००२ मध्ये दक्षिण कोरियाकडून पराभूत झाल्यावर माल्दिनी राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला आणि पुढच्याच, २००६ च्या विश्वचषकात इटली जगज्जेती ठरली. फळ हाती येण्याच्या आधी बाजूस व्हावे लागणे हे दीर्घ सेवा करणाऱ्या अनेकांच्या वाट्यास येते. तरीही त्या सेवेचे मोल कमी ठरत नाही. ते मोल कशात आहे, हे पाहिले पाहिजे.

न झालेल्या गोलांचा हिशेब

गोल करणाऱ्याचे काम मोजता येते. बचावपटूचे काम यशस्वी झाले की काहीच घडत नाही. चेंडू जाळीपर्यंत पोचत नाही आणि प्रेक्षकांच्या स्मरणात त्याची नोंदही राहत नाही. जे घडले नाही त्याचे श्रेय कोणाला द्यायचे, हा हिशेब सोपा नसतो. १९९३-९४ च्या हंगामात मिलानने ३४ साखळी सामन्यांत अवघे ३६ गोल केले, म्हणजे सामन्यामागे एकाहून किंचित अधिक. तरीही तो संघ विजेता ठरला, कारण त्याच्यावर झालेल्या गोलांची संख्या केवळ १५ होती. तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि माल्दिनी ही चार नावे त्या पंधराच्या आकड्यामागे आहेत.

हे चौघे वर्षानुवर्षे शेजारी शेजारी खेळले होते. आरिगो साक्की या प्रशिक्षकाने १९८७ पासून मिलानला जी पद्धत शिकवली, तीत चारही बचावपटूंनी एका रेषेत आणि एकाच क्षणी पुढे सरकायचे असे. एकाचे पाऊल अर्ध्या क्षणाने मागे राहिले तरी प्रतिपक्षाचा खेळाडू मोकळा सुटतो. ती वेळ साधणे फळ्यावर आकृती काढून शिकवता येत नाही. शेजाऱ्याची चाल, त्याची खोड, त्याची दमछाक ओळखता येऊ लागली की मगच ती अंगवळणी पडते.

गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये ‘मानवी भांडवल’ या विषयावरील आपल्या ग्रंथात कौशल्याचे दोन प्रकार सांगितले. एक प्रकार कामगार जेथे जाईल तेथे त्याच्याबरोबर जातो. दुसरा त्या विशिष्ट संस्थेतच उपयोगी पडतो आणि संस्था सोडताच त्याची किंमत उतरते. आघाडीच्या खेळाडूची चपळाई बव्हंशी पहिल्या प्रकारात मोडते. बचावफळीचे शहाणपण मोठ्या प्रमाणात दुसऱ्या प्रकारचे असते. १९९४ च्या मे महिन्यात अथेन्स येथे बार्सिलोनाविरुद्ध युरोपचा अंतिम सामना खेळताना बारेसी आणि कोस्ताकुर्ता हे दोघेही निलंबित होते. माल्दिनी कडेची जागा सोडून मध्यभागी आला, राखीव खेळाडूंनी उरलेल्या जागा सांभाळल्या आणि मिलानने तो सामना ४-० असा जिंकला. मुरलेले ज्ञान एकदा संस्थेत पसरले की दोन मातब्बर माणसे नसतानाही ती उभी राहते. अशा ज्ञानाचा संचय होण्यास मात्र काळ लागतो आणि तेवढा काळ माणसे टिकावी लागतात.

निष्ठा दोन्ही बाजूंची

माल्दिनीचे कौतुक करताना बहुतेक जण त्याच्या निष्ठेचा गौरव करतात आणि तेथेच थांबतात. निष्ठा हा व्यक्तीचा गुण मानला की संस्थेची जबाबदारी संपते. वस्तुस्थिती निराळी आहे. बारेसी १९७७ मध्ये मिलानच्या पहिल्या संघात आला. सट्टेबाजीच्या प्रकरणात १९८० मध्ये क्लबला खालच्या श्रेणीत ढकलण्यात आले आणि १९८२ मध्ये खेळातील अपयशामुळे ती नामुष्की पुन्हा ओढवली. तरीही बारेसी राहिला आणि १९९७ पर्यंत खेळला. त्याच्या हाताखाली माल्दिनी तयार झाला. बारेसी निवृत्त झाल्यावर कर्णधारपद माल्दिनीकडे आले, तेव्हाही क्लबची स्थिती बरी नव्हती. १९९६-९७ मध्ये तो अकराव्या आणि १९९७-९८ मध्ये दहाव्या स्थानावर घसरला होता. नव्या कर्णधारास कोणी बदलले नाही. १९९८-९९ मध्ये मिलान पुन्हा विजेता झाला.

क्लबनेही आपला वाटा उचलला होता. कुमार संघांची रीतसर शाळा होती. वय वाढून पायांतील वेग कमी झाल्यावर माल्दिनीला कडेच्या जागेवरून मध्यभागी आणण्यात आले, जेथे धावण्यापेक्षा अंदाज अधिक उपयोगी पडतो. २००२ मध्ये मिलानने खेळाडूंच्या शरीरस्वास्थ्याची शास्त्रीय तपासणी करणारे स्वतःचे केंद्र उभारले. २००७ मध्ये अथेन्सला लिव्हरपूलविरुद्ध युरोपचा अंतिम सामना जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार अडतीस वर्षांचा होता, यामागे त्याच्या शिस्तीइतकीच संस्थेने केलेली गुंतवणूकही होती.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दीर्घ सेवेमागे पुष्कळदा सक्तीही असते. युरोपात दीर्घकाळ असा प्रघात होता की, करार संपला तरी जुन्या क्लबला भरपाई मिळाल्याखेरीज खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. बेल्जियमच्या बोस्मान या खेळाडूने त्याविरुद्ध दाद मागितली आणि डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने करार संपलेल्या खेळाडूला मुक्त ठरवले. त्यानंतर खेळाडूंची ये-जा वाढली, त्यांचे मोलही वाढले आणि तो निवाडा न्याय्यच होता. माल्दिनीच्या कारकीर्दीचा उत्तरार्ध या निवाड्यानंतरचा आहे. दार उघडे असताना तो राहिला, म्हणूनच त्याच्या राहण्याला अर्थ आहे. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असे दाखवून दिले की, संस्थेविषयी असमाधान असलेल्या माणसापुढे निघून जाण्याचा किंवा आवाज उठवण्याचा असे दोन मार्ग असतात आणि निष्ठा ही निघून जाणे लांबणीवर टाकून आवाजाला अवसर देते. ज्याला उद्या येथे नसल्याची खात्री असते, तो आजची चूक दाखवून देण्याच्या भानगडीत पडत नाही.

संस्थेकडून ही निष्ठा नेहमीच परत मिळते, असेही नाही. २४ मे २००९ रोजी घरच्या मैदानावरील निरोपाच्या सामन्यात मिलानच्याच कडव्या समर्थकांच्या एका गटाने माल्दिनीची हुर्यो उडवली. पुढे २०१८ मध्ये तो क्लबच्या व्यवस्थापनात परतला. २०२२ मध्ये संघ अकरा वर्षांनी देशाचा विजेता झाला आणि २०२३ मध्ये युरोपच्या उपांत्य फेरीत पोचला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये क्लबच्या नव्या अमेरिकी मालकांनी त्याला पदावरून दूर केले. मालकी बदलली की जुन्या सेवेची स्मृती ताळेबंदात शिल्लक राहत नाही, ही गोष्ट पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

बालेवाडीचा अनुभव

हिंजवडीपासून काही किलोमीटरवर बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभारले गेले. इटलीचा फुटबॉल तेथेही येऊन गेला आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा एफसी पुणे सिटी या नव्या संघाने फ्लॉरेन्सच्या फिओरेन्तिना क्लबशी भागीदारी केली. फ्रांको कोलोम्बा हे इटालियन प्रशिक्षक आणि इंटर मिलानकडून खेळलेला ब्रुनो चिरिल्लो हा बचावपटू पुण्यात आले. त्याच हंगामात माल्दिनीचा मिलानमधील जुना सहकारी आलेस्सांद्रो नेस्ता चेन्नईकडून खेळला. तो पहिला हंगाम १२ ऑक्टोबरला सुरू झाला आणि २० डिसेंबरला संपला. दहा आठवड्यांची स्पर्धा, थोड्या दिवसांचे पाहुणे आणि उसने घेतलेले खेळाडू, असा तो थाट होता.

त्याच मैदानावर त्याआधीपासून खेळणारा पुणे एफसी हा क्लब २००७ मध्ये निघाला होता आणि २०१५ मध्ये बंद झाला. एफसी पुणे सिटी आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये संपुष्टात आला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. मुंबईत महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने तो संघ विसर्जित केला. आता समजा, पुण्यातील एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाने २००७ मध्ये मनाशी ठरवले असते की आपण शेवटपर्यंत एकाच क्लबकडून खेळू. त्याच्या निष्ठेत काडीमात्र उणेपण नसते, तरी पंचविशीच्या आत त्याचा क्लब नाहीसा झाला असता आणि अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत दुसराही. पुण्यात माल्दिनी झाला नाही याचे कारण मुलांच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही.

गोव्याचे उदाहरण याची दुसरी बाजू दाखवते. तेथे साळगावकर आणि डेंपो या खाण उद्योगांतील घराण्यांनी आपल्या नावाचे क्लब दशकानुदशके चालवले. ब्रह्मानंद शंखवाळकर हा साळगावकर संघाचा गोलरक्षक भारताचा कर्णधार झाला आणि १९९७ मध्ये अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. गोव्याने संतोष करंडक १९८२-८३ मध्ये बंगालसह संयुक्तपणे आणि १९८३-८४ मध्ये एकट्याने जिंकला, तेव्हा गोल राखणारा तोच होता. डेंपोने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. क्लब टिकले म्हणून खेळाडू टिकले. पुढे २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद पडल्या, तर दुसरीकडे राष्ट्रीय स्पर्धेची रचना नव्या व्यावसायिक लीगच्या सोयीने बदलू लागली. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी या रचनेच्या निषेधार्थ आय-लीगमधून अंग काढून घेतले, डेंपोही बाहेर पडला. २०२४ मध्ये डेंपोला दुय्यम श्रेणीतून पुन्हा वर यावे लागले. २०२५ मध्ये तर इंडियन सुपर लीगचाच हंगाम हक्कांच्या करारावरून अडकला आणि ठरल्या वेळी सुरू झाला नाही.

तासिकांवर चालणारी बचावफळी

मैदानावरील हा धडा मैदानापुरता राहत नाही. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढील दोन दशकांत मोटारी, स्कूटर व यंत्रे बनवणारे कारखाने आले. त्या पिढीत एकाच कारखान्यात तीस-पस्तीस वर्षे काढून निवृत्त होणारे कामगार घरोघर होते. आज चाकणच्या कारखान्यांत एकाच साखळीवर कायम, कंत्राटी, मुदतीचे आणि शिकाऊ असे नाना प्रकारचे कामगार शेजारी शेजारी उभे असतात. हिंजवडीतील अभियंत्याला पगारवाढ हवी असेल तर नोकरी बदलावी लागते, हा तेथील सर्वज्ञात व्यवहार आहे. त्याला निष्ठेचा उपदेश करणे अन्यायाचे होईल. देशातील सर्वांत मोठ्या संगणकसेवा कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि त्यात मधल्या व वरच्या स्तरावरील अनुभवी लोकांचाच भरणा अधिक असल्याचे सांगितले. जेथे अनुभव हाच खर्चाचा बोजा ठरतो, तेथे तरुणाने आपला बोऱ्याबिस्तरा बांधून तयार असणे हेच शहाणपण होय.

बाजारात स्पर्धा करणाऱ्या कंपनीला चढउताराची काही लवचीकता हवी, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या कामांची गरज कधीच संपत नाही, तेथेही मुदतीचे करार का, याचे उत्तर मिळत नाही. महाविद्यालयात अर्थशास्त्र दर वर्षी शिकवले जाते. गणित, इतिहास, मराठी हे विषय पुढील वर्षी बंद होणार नसतात. तरीही राज्यातील अनेक महाविद्यालयांत हे विषय तासिका तत्त्वावरील अध्यापक वर्षानुवर्षे शिकवीत आले आहेत. तास घेतले तेवढे मानधन, सुट्टीचे काही नाही आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. कार्यालयांतील बाह्यस्रोतांमार्फत नेमलेले लिपिक आणि आरोग्यकेंद्रांतील कंत्राटी परिचारिका यांची स्थिती वेगळी नाही. शिक्षक, लिपिक, परिचारिका आणि यंत्रांची देखभाल करणारा कारागीर हे समाजाचे बचावपटू होत. त्यांचे काम नीट झाले की काही विपरीत घडत नाही. म्हणून त्यांच्या कामाची किंमत अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापली जाते आणि त्याचा परिणाम काही वर्षांनी दिसतो, तेव्हा तो कोणत्या कपातीमुळे झाला हे सांगता येत नाही. विद्यार्थ्यांची कच्ची बाजू ओळखणारा अध्यापक दर वर्षी बदलला, तर ती ओळख दर वर्षी नव्याने करून घ्यावी लागते.

कायम नोकरी मिळाली की माणूस सुस्तावतो, हा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो सर्वस्वी खोटा नाही. तथापि माल्दिनीची जागा त्याला आंदण मिळालेली नव्हती. प्रशिक्षक त्याला वगळू शकत होता आणि कुमार संघातून दर वर्षी नवे दावेदार येत होते. टिकण्याची हमी आणि कामाची परीक्षा या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. अट एवढीच की परीक्षेला अंत असावा. महाराष्ट्रात २००० पासून चालत आलेल्या शिक्षणसेवक पद्धतीत पगाराविषयी कितीही तक्रार असली, तरी तीन वर्षांनंतर नियमित होण्याचा टप्पा ठरलेला आहे. तासिका तत्त्वावर असा टप्पाच नाही. दहा वर्षे समाधानकारक काम केलेला अध्यापक आणि काल नेमलेला अध्यापक यांच्यात ही पद्धत फरक करीत नाही. हाच तिचा मोठा दोष आहे.

तेव्हा करण्याजोग्या गोष्टी दोन आहेत. ज्या पदाची गरज दर वर्षी सिद्ध होते, त्या पदावरील करार दोन-तीनदा नूतन झाल्यावर गुणवत्तेची रीतसर परीक्षा घेऊन ते पद नियमित करावे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मुदतीच्या नोकरीची मुभा सर्व उद्योगांना दिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या कामगार संहितांनी अशा कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. तो स्वागतार्ह आहे. पण ग्रॅच्युइटी ही निरोपाची रक्कम आहे, ती राहण्याची हमी नव्हे. दुसरी गोष्ट खेळाची. पुण्याच्या फुटबॉलला पुन्हा उभे करायचे असेल, तर सुरुवात पाहुण्या खेळाडूंपासून न करता शाळांतील कुमार संघांपासून केली पाहिजे आणि मालकाच्या मर्जीबरोबर न बुडणारा, सभासदांचा क्लब उभारला पाहिजे. शेजारी एवढे मोठे उद्योगक्षेत्र असताना त्यासाठी पैसा अपुरा पडण्याचे कारण नाही. मिलानचा क्लब १८९९ मध्ये स्थापन झाला आणि पाओलो माल्दिनी त्याच्या पहिल्या संघात आला तेव्हा त्याला पंचाऐंशी वर्षे झाली होती. पंचवीस वर्षांच्या सेवेची अपेक्षा करणाऱ्या संस्थेने आधी स्वतः निदान तेवढी वर्षे टिकून दाखवावे, एवढी मागणी पुण्यातील खेळाडूने, चाकणच्या कामगाराने आणि महाविद्यालयातील अध्यापकाने केली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.